वाटेकऱ्याचं दर्शन

माझं नाव शहाजी. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे, आणि गेली दोन वर्षं मला प्राणी, पक्षी, किडे, मुंग्या यांच्याकडून परमेश्वराचे निरोप येत असतात. येत असतात म्हणजे मी ते घेतो. समोरून कुणी पाठवतंय की नाही, याची चौकशी मी कधी केली नव्हती.

सुरुवात झाली संभाजी तलावावर. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी सकाळी चालायला सांगितलं होतं. तिथे आमच्याच बिल्डिंगमधले शिवयोगीअप्पा भेटायचे. बँकेतून निवृत्त झालेले, स्वभावाने गोड, आणि दिसेल त्यात देव बघणारे. एकदा एक पाणकावळा दगडावर पंख पसरून बसला होता. अप्पा म्हणाले, बघा शहाजीराव, सगळं उघडं टाकून बसलाय, लपवायला काही ठेवलंच नाही, हीच मुक्ती. मला ते इतकं पटलं की त्या दिवशी मी शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवून ऑफिसात बसलो. प्राचार्यांनी शिपायाला माझ्याकडचा पंखा वाढवायला सांगितलं.

मग अप्पांनी 'चराचर सत्संग' नावाचा व्हॉट्सॲप गट काढला. रोज दिसलेला प्राणी टाकायचा आणि खाली त्यानं आणलेला निरोप लिहायचा. खोटं कशाला बोलू, या विषयात मी बघता बघता पुढे गेलो. पार्किंगमधला सरडा मला नव्या प्राचार्यांशी जुळवून घे म्हणाला. गच्चीवरची खार म्हणाली, भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढू नकोस. आमच्या स्वयंपाकघरात ट्यूबशेजारी एक पाल महिनाभर ठाण मांडून होती. मी तिच्यात स्थितप्रज्ञ बघितला. माझी बायको विजयमाला म्हणाली, "अहो, ट्यूब फडफडतेय, तिच्यावर किडे येतात, म्हणून ती बसते. ट्यूब बदला." मी बदलली. पाल निघून गेली. गटावर मी लिहिलं, गुरू आपलं काम झालं की थांबत नाहीत. खाली जोडलेल्या हातांची नुसती रीघ लागली.

हे सगळं असंच हसण्यावारी गेलं असतं, पण मध्येच आईचा प्रश्न उभा राहिला.

आई, केराबाई, माळशिरस तालुक्यात डोंगराच्या अंगाला आमच्या वाडीवर राहते. आम्ही धनगर. वडील बिरप्पा गेले ते एक लहानसा कळप मागे ठेवून. धाकटा भाऊ जोतिराम आईजवळ होता, पण तो श्रीपूरच्या साखर कारखान्यात कायम झाला आणि बायकोमुलांना घेऊन तिकडे राहायला गेला. मागे आई राहिली आणि मेंढरं राहिली. गेल्या थंडीत ओढ्यातून येताना तिचा पाय घसरला. बराच वेळ ती तशीच पडून होती. शेजारची मथुराबाई धुणं घेऊन गेली तेव्हा तिला दिसली. हाड मोडलं नाही, पण ती तेव्हापासून लंगडते. आणि तेव्हापासून माझा फोन वाजला, की मी आधी मनानं ओढ्यावर जाऊन येतो आणि मग नाव बघतो. हे मी गटावर कधी लिहिलं नाही. घरीही बोललो नाही.

त्याऐवजी मी तयारीला लागलो. जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली रिकामी केली. संडासात धरायला दांडी बसवून घेतली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून ओळखीच्या माणसाकडून मोरांच्या नक्षीची जाड चादर आणली. मेंढरांसाठी वडिलांच्या वेळेपासूनचे व्यापारी बडेसाब यांच्याशी बोलून ठेवलं, रविवारी टेंपो घेऊन या म्हटलं. सगळं ठरलं. फक्त आईला विचारायचं राहिलं होतं.

फोनवर तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेंढरं तुझ्या बापाची न्हाईत आन् माझी बी न्हाईत. बिरोबाची हायती. त्यानं खूण दिली तर ह्या घटकेला निगते."

माझा आनंद मावेना. खूण म्हणजे तर माझं खातं. दोन वर्षांचा अनुभव, गटावर नाव, आणि समोर लंगडणारी एक म्हातारी. विजयमाला बॅग भरून देताना एवढंच म्हणाली, की घाईनं काही कबूल करू नका, तुमच्या आई तुमच्या आई आहेत.

शनिवारी वाडीवर पोचलो आणि बॅग खाली ठेवतोय तोच अंगणाच्या कडेनं मुंगूस गेलं. मी आईला हाक मारून दाखवलं. शुभ शकुन, आणि तेही सडकेच्या दिशेनं गेलं, म्हणजे निघायची वेळ झाली. आईनं चहाचं आधण ठेवता ठेवता विचारलं, "जाताना मागं वळून बघितलं न्हवं त्यानं?" मी म्हटलं, बघितलं असेल. "मग झालं की. घर सोडवंना त्याला."

जेवताना बाभळीवर भारद्वाज येऊन बसला. याच्यापेक्षा मोठा शकुन आमच्या गटावर नाही. शिवाय त्याचं तोंड उगवतीला होतं आणि सोलापूर उगवतीला आहे. आई भाकरी मोडून कालवणात टाकत म्हणाली, "तोंड सोड. शेपूट बघ कुटं हाय. वाघरीकडं. जिकडं शेपूट तिकडं मुक्काम." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायचं जाळीचं कुंपण. हा शेपटाचा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. कधीपासून आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, पैल्यापास्नं.

संध्याकाळपर्यंत आम्ही मायलेकरांनी टिटवी, होले, एक घोरपड आणि भिंतीवरची गांधीलमाशी एवढे जीव वाटून घेतले आणि एकेकावर वाद घातला. प्रत्येक वेळी मी हरलो. मी ज्याच्यात प्रस्थान बघायचो त्याच्यात ती मुक्काम बघायची, आणि वर माझ्याकडे अशी दयेनं पाहायची, की एवढं शिकून पोराला काहीच येत नाही. शिवयोगीअप्पांनी हिला गटावर घेतलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

शेवटी तीच म्हणाली, की रोजची जनावरं धरायची नाहीत, ती काय येतातच. रोज न दिसणारं जनावर उद्या टेंपो यायच्या आत दिसलं, तर ती बिरोबाची खूण. ती सांगेल तसं करायचं. मी लगेच तयार झालो. तिनं देवळीतला भंडारा घेऊन माझ्या कपाळाला लावला, स्वतःच्याही लावला. आमच्या घरात भंडारा लावून दिलेला शब्द फिरवत नाहीत, त्यापुढे बोलणंच संपतं. फक्त खुणेचा अर्थ कुणी लावायचा, एवढं ठरवायचं राहून गेलं. कॉलेजात साधी मीटिंग असली तरी अध्यक्ष कोण ते मी आधी लिहितो. इथे विसरलो.

रात्री निजताना मी मोरांची चादर तिच्या हातात दिली. तिनं चाचपून बघितली, मोर मोजल्यासारखे केले, बरी हाय म्हणाली आणि जाऊन वाघरीत अंथरली. काळ्या कानाचं एक कोकरू होतं, त्याची आई व्याल्याबरोबर मेली होती. आई त्याला बाटलीनं दूध पाजायची. ते चादरीवर असं ऐसपैस बसलं, की मला माझ्याच घरातून बाहेर काढल्यासारखं वाटलं.

रविवारी तिला बिरोबाला जायचं होतं. मथुराबाई सोबत होती. मला म्हणाली, तवर मेंढरं बघशील का. मी जरा दुखावलोच. धनगराच्या पोराला हे विचारतात का? खरं तर मी शाळेसाठी वसतिगृहात गेलो तेव्हापासून मेंढरामागे गेलेलो नव्हतो, पण ते बोलून दाखवायची गरज नव्हती. तिनं हातात काठी दिली आणि वडिलांचं घोंगडं माझ्या खांद्यावर टाकलं. खाली माझा चालायला जायचा टी-शर्ट आणि पांढरे बूट होते. मथुराबाई तोंडाला पदर लावून बाजूला वळली.

"निजू नगंस," आई म्हणाली. "मोबाईल बघू नगंस. वाटेकरी आला तर घोंगडं फिरीव आन् आरड."

वाटेकरी म्हणजे लांडगा. आई हे वाचणार नाही म्हणून मी इथे नाव घेतोय. आमच्या घरात ते घेत नाहीत. दोन भाऊ होते म्हणे. वाटणीत धाकट्याला काहीच मिळालं नाही, तो रागानं डोंगरात गेला आणि तिथे त्याचं हे रूप झालं. तेव्हापासून तो वाटा मागायला येतो. त्याला शिव्या द्यायच्या नाहीत, विष घालायचं नाही. हाकलायचं मात्र जीव तोडून. त्यातूनही त्यानं नेलं तर तो त्याचा वाटा. आपण होऊन उचलून देणं हे आमच्यात कुणी ऐकलेलंसुद्धा नाही.

माळावर गेलो. वैशाखाचं ऊन, गवत पार पिवळं झालेलं. हिवराच्या विरळ सावलीत बसून मी मेंढरांचा फोटो काढला आणि 'आजचा मेंढका' असं लिहून गटावर टाकला. अप्पांचं लगेच उत्तर आलं, की कळपात स्वतःला शोधा. मी शोधू लागलो. बराच वेळ गेला.

मग मेंढरांचं चरणं थांबलं. मी मान वर केली तर समोरच्या बांधावर तो उभा होता.

आधी कुत्रं वाटलं. पण कुत्रं इतकं गप्प उभं राहत नाही. खाकी अंग, उंच पाय, पिवळे डोळे. तो माझ्याकडे बघत होता. इतक्या मन लावून माझ्याकडे कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नव्हतं. कॉलेजात तर माझ्याकडे बघतच नाहीत, माझ्या हातातल्या फायलीकडे बघतात.

इथे थट्टा बाजूला ठेवतो. त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला. वाऱ्याचा आवाजसुद्धा येईनासा झाला. लहानपणी वडिलांच्या मागून याच माळावर चालताना जे वाटायचं, की पुढे कुणीतरी आहे आणि मागे आपल्याला काही होणार नाही, ते तसंच्या तसं परत वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं मी सरड्यांना आणि खारींना जे विचारत होतो त्याचं उत्तर समोर उभं आहे, याची मला खात्री पटली. ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

पण पुढे मी जे केलं ते आमच्या कुळात कुणीच केलं नसेल. मी उठलो, काठी खाली ठेवली, घोंगडं नीट सावरलं आणि लांडग्याला हात जोडले. हात जोडले की डोळे मिटतात, ही सवय. डोळे मिटून मी विचारलं, आईला घेऊन जाऊ का?

उत्तर आलं ते मेंढरांच्या पायांचं. डोळे उघडले तर सगळा कळप धुरळा उडवत माझ्या अंगावर येत होता. समोरचा वाटेकरी होता तिथेच उभा होता, अगदी शांत. माझ्या पाठीमागून दुसरा एक ओढ्याच्या दिशेनं पळत होता, आणि त्याच्या तोंडात काळ्या कानाचं कोकरू होतं. दर्शन द्यायला एक आला होता, प्रसाद न्यायला दुसरा. माझ्या हातून आता काही होणार नाही हे बघून पहिलाही वळला आणि सावकाश, कसलीही घाई न करता निघून गेला. मग मी घोंगडं फिरवलं. मग मी ओरडलो. ऐकायला फक्त मेंढरं होती.

आई परत आली तेव्हा कळप एकमेकांत डोकी खुपसून उभा होता. तिनं लांबूनच ओळखलं. जवळ येऊन नजर फिरवली आणि विचारलं, "काळ्या कानाचं?"

मी मान हलवली. खोटं सांगावं असं वाटलं होतं. चार लांडगे होते, मी झुंजलो, असं काहीतरी. पण कपाळावर भंडारा होता. सगळं जसं झालं तसं सांगितलं.

"हात जोडलंस," ती म्हणाली.

"हो."

"डोळं झाकून."

"हो."

ती मटकन बांधावर बसली आणि हसायला लागली. मथुराबाईनं तर हसता हसता माझ्याच खांद्याचा आधार घेतला. मीही थोडा हसलो, उभं राहून दुसरं करणार काय. घरी आल्यावर आई वाघरीत गेली, चादर उचलली, तिच्यावरचे केस झटकले, आणि चारी टोकं जुळवून घडी घालता घालता रडायला लागली. आवाज न करता, पदर न लावता. घडी पुरी झाली तरी ती चादर छातीशी धरून उभी होती. मला इतकी लाज वाटली, की बूटसुद्धा काढायचे सुचेनात.

माझी जात अशी, की त्यातूनही मी म्हणालो, "आई, खूण आली."

"आली," ती म्हणाली.

"रोजचं जनावर नव्हे."

"न्हवं."

मला वाटलं, जिंकलो. मी सुरू केलं, की आज कोकरू गेलं, उद्या काय होईल, इथे आता राहणं बरोबर नाही, बिरोबानंच सांगितलं. ती डोळे पुसत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "वाटा गेल्याला कळप वरीसभर इकत न्हाईत. वाटेकऱ्यानं न्हेला म्हंजे कळप जित्ता हाय, आपल्यातच हाय, असं बिरोबानं सांगितलं. त्यो इकला तर वाटा वाया."

शेपटाच्या नियमाचाच हा भाऊ असणार, असं मला वाटलं. तेवढ्यात टेंपोचा हॉर्न वाजला. बडेसाब उतरले. मेंदी लावलेली दाढी, खांद्यावर टॉवेल. मी त्यांना पंच केलं. वाटा गेलेला कळप विकत नाहीत असा काही रिवाज खरोखर आहे का, तुमची उमर या धंद्यात गेली, तुम्हीच सांगा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आईकडे, तिच्या हातातल्या चादरीकडे. "हाय सायेब रिवाज," ते म्हणाले. "आमचे अब्बा बी असला कळप घेत नव्हते. अपशकुन म्हणून नाही, अदब म्हणून." मग आईला म्हणाले, "मावशी, च्या टाका जरा."

चहा पिऊन ते रिकामा टेंपो घेऊन गेले. एवढ्या लांबून येऊन हात हलवत जाणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा नव्हता. रिवाज खरा होता की ते आईसाठी बोलले, मला अजून माहीत नाही. विचारायचं धाडसही नाही.

टेंपोचा आवाज सडकेला लागून विरला आणि माझा बांध फुटला. मी आईवर ओरडलो. म्हटलं, नियम काय कितीही काढशील, पण तू परत ओढ्यात पडलीस आणि मथुराबाई धुण्याला गेली नसेल तर? तू तिथे पडून राहशील आणि मी सोलापुरात फायली सरकवत बसलेला असेन. फोन वाजला की मला धडकी भरते.  मला भीती वाटते आई, दुसरं काही नाही.

 मथुराबाई पाण्याला म्हणून उठून गेली.

"भ्या वाटतं, असं म्हनायचं हुतंस की," आई म्हणाली. "काल आल्यापास्नं मुंगूस आन् पाखरंच दावतुयास."

मी घोंगड्यात अडकलेली कुसळं काढू लागलो.

"त्यो वाटेकरी एक कोकरू घिऊन गेला, बाकी कळप ठिवून गेला. तू समदीच न्यायला आलास. वर मला बी. सांग, मोटा वाटेकरी कोन?"

दोन वर्षं मी निरोपाची वाट बघत होतो. आला तो असा, तोंडावर, आणि आणणारं जनावर कुठलं हे विचारायची सोय नव्हती.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मला बी वाटतं भ्या. ओढ्याला एकली जाताना पाय लटपटत्यात." आणि मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागली. आपली आई घाबरते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मी जोतिरामला फोन लावला. तो म्हणाला, की श्रीपूरकडे ऊस तुटून रानं रिकामी पडलीत, खतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी बोलवायला येतात, कारखान्यापासून जवळच्या रानात आईचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट मुक्काम, पडला तर तो आणि बायको आळीपाळीनं तिच्याजवळ झोपायला जातील, पावसाळ्यानंतर पुढचं बघू. मी म्हटलं, हे आधी का बोलला नाहीस. तो म्हणाला, "दादा, थंडीपास्नं सांगतुय की. तुमी म्हनला, खूण बघू."

ते खरं होतं. त्याच्या बोलण्यात एकही प्राणी नसल्यामुळे माझ्या ते ध्यानात राहिलं नव्हतं. आईला विचारलं. धाकट्याच्या दारात जाऊन राहणं तिला कमीपणाचं वाटत होतं, पण मेंढरं घेऊन रानात वाडा टाकणं म्हणजे कुणाच्या दारात जाणं नव्हे. तुजा बापबी जायाचा तिकडं, म्हणाली. थोरला पोरगा वाडा हलवायला येणार असला तर जाईन, म्हणाली. तिला जसं हवं तसं मी बुधवारपासून रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती.

निघताना मी घोंगडं काढून तिच्या हातात द्यायला लागलो. तिनं ते परत माझ्या खांद्यावर टाकलं आणि पुढून नीट ओढलं, लहानपणी शाळेत पाठवताना सदरा ओढायची तसं.

"ऱ्हाऊ दे. तुज्या बापाचं हाय, तुजा वाटा. चादर हितं ऱ्हाईल, कोकरं बसत्यात." मग म्हणाली, "येत जा. पर टेंपो आनू नगंस."

माळशिरसहून एसटी धरली. वैशाखातली दुपार, खिडकीतून भट्टीसारखा वारा, आणि मी काळं लोकरी घोंगडं पांघरून बसलेला. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, ताप आलाय का. शेजारच्या बाई मूल घेऊन मागच्या सीटवर गेल्या. घोंगड्याला मेंढरांचा आणि वडिलांचा वास येत होता. घाम पाठीवरून निथळत होता, पण ते काढावं असं वाटेना.

फोन वाजला. मनानं आधी ओढ्यावर जाऊन आलो. नाव बघितलं, शिवयोगीअप्पा. गटावर सगळे विचारत होते, की आजच्या मेंढक्याला काय दर्शन झालं, निरोप काय मिळाला. नंतर सांगतो म्हटलं. मग थोडा वेळ फोन तसाच हातात धरून बसलो आणि आईला लावला. तिनं घाईनं उचलला आणि घाबरून विचारलं, काय झालं रं.

"काही नाही," मी म्हटलं. "नुसता केला."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. मग फोन कानालाच ठेवून तिनं मथुराबाईला हाक मारली, "मेंढरं आत घे गं, वाटेकरी बोलतुय."